उत्तर जुळले, पण ते बरोबर आहे का?

परीक्षेचा पेपर सुटला, की परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर लगेच दुसरी परीक्षा सुरू होते. गाव नंदुरबार असो, शहादा असो की धडगाव असो, दृश्य तेच. हातात प्रश्नपत्रिका आणि भोवती मुलामुलींचे कोंडाळे.

"वास्को-द-गामाचं काय टाकलं?"

"दोन नंबर. चौदाशे ब्याण्णव."

"मीपण दोनच टाकलं!"

दोघांचे चेहरे खुलतात. तिसऱ्याने तीन नंबरला खूण केलेली असते. तो काही न बोलता प्रश्नपत्रिकेची घडी घालून खिशात ठेवतो. आपला एक गुण गेला, असे त्याच्या मनाने घेतलेले असते.

विद्यार्थी मित्रांनो, या तिघांपैकी खरे उत्तर कोणाचे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पण आज आपल्याला इतिहास शिकायचा नाही. आपल्याला असे पाहायचे आहे, की दोघांची उत्तरे जुळली तर त्यावरून नेमके काय सिद्ध होते? उत्तर बरोबर असल्याचा तो पुरावा मानता येईल काय? मानायचा तर किती मोठा? हा प्रश्न इतिहासाच्या पेपरापुरता नाही. प्रयोगशाळेत, न्यायालयात, इतकेच काय पण जुनी हस्तलिखिते वाचतानाही तो उभा राहतो, आणि त्याचे उत्तर थोड्याशा अंकगणिताने देता येते.

एका गुणाची किंमत

आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती' परीक्षा असते. शाळाशाळांतून तिला 'एन. एम. एम. एस.' म्हणतात. आपल्या राज्यात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे तिचे दोन पेपर असतात. प्रत्येकात ९० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. शालेय क्षमतेच्या पेपरात इतिहासाचे १५ प्रश्न येतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत दरमहा १००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी शेतमजुरी करणाऱ्या घरात या रकमेवर मुलीचे शिक्षण पुढे चालू राहील की थांबेल, हे ठरू शकते. तेव्हा फाटकाबाहेर उत्तरे जुळवणारी मुले उगीच घायकुतीला आलेली नसतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गणिताच्या उत्तराचा ताळा स्वतःचा स्वतःला करता येतो. इतिहासातील सनाचे तसे नाही. सन कोणत्याही सूत्रातून निघत नाही. म्हणून पुस्तक हाती येईपर्यंत मित्राचे उत्तर हाच आधार उरतो. तो आधार कितपत भक्कम आहे, हे आता पाहू.

दोघांनाही काहीच येत नसेल तर

समजा, अ आणि ब या दोन विद्यार्थ्यांनी अभ्यास मुळीच केलेला नाही. दोघेही डोळे मिटून खुणा करतात. अ चार पर्यायांपैकी कोणताही एक निवडील, ब सुद्धा तसेच करील. एकूण जोड्या ४ × ४ = १६ होतात. त्यांपैकी (१,१), (२,२), (३,३) आणि (४,४) या चार जोड्यांत उत्तरे जुळतात. म्हणजे काहीही न येणाऱ्या दोघांची उत्तरे सुद्धा चारांतून एकदा जुळणारच! १५ प्रश्नांत सुमारे चार वेळा ते एकमेकांना टाळी देतील.

आता त्या चार जुळणाऱ्या जोड्यांपैकी बरोबर उत्तराची जोडी किती? फक्त एक. म्हणजे उत्तर जुळण्यापूर्वी ते बरोबर असण्याची शक्यता २५ टक्के होती आणि जुळल्यानंतरही ती २५ टक्केच राहिली. जुळण्याने काहीच हाती लागले नाही. शून्याला कितीही वेळा शून्य मिळवले तरी शून्यच, तसाच हा प्रकार झाला.

थोडेफार येत असेल तर

आता दोघांनीही बऱ्यापैकी अभ्यास केला आहे असे धरू. प्रत्येकाची १०० पैकी ६० उत्तरे बरोबर येतात. सोयीसाठी १५० प्रश्नांचा पेपर घेऊ आणि सगळे प्रश्न सारख्याच अवघडपणाचे मानू.

अ ची ९० उत्तरे बरोबर येतील. त्या ९० प्रश्नांपैकी ६० टक्के, म्हणजे ५४ प्रश्नांत ब सुद्धा बरोबर असेल. अ ची ६० उत्तरे चुकतील. त्यांपैकी ४० टक्के, म्हणजे २४ प्रश्नांत ब ही चुकेल. उरलेल्या ७२ प्रश्नांत एक बरोबर आणि एक चूक. ५४ + २४ + ७२ = १५०, हिशेब जमला.

दोघेही चुकले अशा २४ प्रश्नांत त्यांची उत्तरे जुळतातच असे नाही. बरोबर उत्तर एकच असते, पण चुकीची उत्तरे तीन असतात. चुका तिन्ही पर्यायांवर सारख्या विखुरल्या तर २४ पैकी एक तृतीयांश, म्हणजे ८ प्रश्नांतच चूक जुळेल.

म्हणजे उत्तरे जुळली एकूण ५४ + ८ = ६२ प्रश्नांत आणि त्यांपैकी ५४ प्रश्नांत ती बरोबर ठरली. ५४ भागिले ६२ म्हणजे सुमारे ८७ टक्के. एकट्याच्या उत्तरावर ६० टक्के भरवसा होता, तो दोघांचे जुळताच ८७ टक्क्यांवर गेला. असाच तिसरा विद्यार्थी आला आणि त्याचेही उत्तर तेच निघाले तर भरवसा सुमारे ९७ टक्के होतो.

याचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : खरे एकाच जागी असते, चुका मात्र विखुरतात. म्हणून जे जुळते ते बहुधा खरे असते. फाटकाबाहेरच्या मुलांना ही गोष्ट मनातून कळलेली असते, म्हणूनच ती उत्तरे जुळवतात. त्यांचे फारसे चुकत नाही. मात्र या हिशेबात आपण दोन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या आहेत. चुका सारख्या विखुरतात ही एक, आणि अ व ब यांनी आपापली उत्तरे एकमेकांवर अवलंबून न राहता काढली ही दुसरी. या दोन्ही गृहीतांना धक्का लावून पाहू.

फसवा पर्याय

फाटकाबाहेर ज्यावर चर्चा चालली होती, तो प्रश्न असा समजा : वास्को-द-गामा कालिकतला कोणत्या साली पोहोचला? पर्याय : (१) १४५३ (२) १४९२ (३) १४९८ (४) १५१०.

हे चारही सन खरेखुरे आहेत. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. १४९२ साली कोलंबस अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीज बेटांवर पोहोचला. १४९८ साली वास्को-द-गामा कालिकतला आला. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतले. पण या चारांत १४९२ हा सन मुलांच्या कानांवर सर्वांत जास्त वेळा पडलेला असतो. 'समुद्रमार्गाचा शोध' असे शब्द दिसले, की हात आपोआप तिकडे वळतो. प्रश्न काढणारे असा फसवा पर्याय मुद्दाम ठेवतात.

समजा, १०० विद्यार्थ्यांपैकी ३० जणांनी १४९८, ६० जणांनी १४९२ आणि उरलेल्या दोन पर्यायांना पाच-पाच जणांनी खूण केली. यांतील कोणत्याही दोघांची जोडी घ्या. दोघांचेही १४९८ असण्याची शक्यता १०० त ९, दोघांचेही १४९२ असण्याची १०० त ३६. उरलेल्या पर्यायांवर जुळण्याची शक्यता जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे शंभर जोड्यांपैकी साधारण साडेपंचेचाळीस जुळतील आणि त्यांपैकी फक्त नऊ बरोबर असतील. एकट्याचे उत्तर बरोबर असण्याची शक्यता ३० टक्के होती, ती जुळल्यावर २० टक्क्यांवर उतरली! जितके जास्त जण जुळतील, तितकी चूक अधिक पक्की.

हा नियम फ्रान्सचा गणिती काँदोर्से याने १७८५ सालीच मांडला होता. दोनच पर्याय असतील आणि प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असली, तर माणसे वाढतील तसतसा बहुमताचा निर्णय सत्याच्या जवळ जातो. प्रत्येकाची शक्यता ६० टक्के असेल, तर तिघांचे बहुमत सुमारे ६५ टक्के वेळा आणि १०१ जणांचे बहुमत सुमारे ९८ टक्के वेळा बरोबर ठरते. पण तीच शक्यता निम्म्याहून कमी असली, तर गर्दी वाढेल तसे बहुमत सत्यापासून दूर जाते. हा काँदोर्से पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत उत्साहाने सामील झाला आणि त्याच क्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तुरुंगात मरण पावला.

एकाच विहिरीचे पाणी

आता दुसरे गृहीत. अ आणि ब यांनी उत्तरे खरोखरच स्वतंत्रपणे काढली काय?

ब ने अ च्या उत्तरपत्रिकेत डोकावून खूण केली असेल, तर दोघांचे जुळणे म्हणजे एकाच माणसाला दोनदा मोजणे होय. भरवसा ६० टक्के होता, तो ६० टक्केच राहिला. हे कोणालाही पटेल. पण कॉपी न करताही स्वातंत्र्य हरवते. दोघे एकाच वर्गातले, दोघांचे शिक्षक एक, गाईड एक. गाईडात छापताना १४९८ चे १४८९ झाले असेल, तर त्यावरून अभ्यास केलेली चाळीस मुले एकमुखाने तेच सांगतील. एकाच विहिरीतून भरलेल्या दहा घागरींचे पाणी चाखून सर्वांची चव सारखी लागली, तर त्यावरून गावातल्या दुसऱ्या विहिरींबद्दल काय कळणार? चाळीस मुले, पण साक्षीदार एकच.

म्हणून उत्तर जुळले, की पुढचा प्रश्न विचारावा : "तुला हे कोठून कळले?" मित्र दुसऱ्या शाळेचा असेल, त्याने दुसरे पुस्तक वाचले असेल, तर त्याच्या जुळण्याला वजन अधिक. शहाद्याच्या मुलाचे उत्तर अक्कलकुव्याच्या मुलीशी जुळणे हे बाकावरच्या शेजाऱ्याशी जुळण्यापेक्षा मोलाचे.

इतिहासकार हाच नियम पाळतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार होऊन बालवीर शिरीषकुमार आणि त्यांचे चार सोबती हुतात्मे झाले, हे आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थी सांगेल. पण शंभर विद्यार्थ्यांनी तीच तारीख सांगितली म्हणून इतिहासकार ती शंभर पुराव्यांनी सिद्ध झाली असे म्हणणार नाही. तो सरकारी नोंद पाहील, त्या काळचे वर्तमानपत्र पाहील, डोळ्यांनी पाहणाऱ्याची आठवण पाहील. ही एकमेकांवरून न उतरलेली साधने जुळली, म्हणजे त्याचे समाधान होते.

प्रयोगशाळेतील जुळणी

आम्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना या गोष्टीचा एक नामांकित दाखला ठाऊक असतो. अमेरिकेचा शास्त्रज्ञ मिलिकन याने तेलाच्या सूक्ष्म थेंबांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनवरील विद्युतप्रभार मोजला. १९१३ साली त्याने ५८ थेंबांची मोजमापे प्रसिद्ध केली. ती एकमेकांशी इतकी सुरेख जुळत होती, की त्याने आपल्या उत्तरातील त्रुटी पाव टक्क्याहूनही कमी सांगितली. त्याचे उत्तर आजच्या एककांत १·५९२ × १०^-१९ कूलोम होते. आजची स्वीकृत किंमत १·६०२ × १०^-१९ कूलोम आहे. म्हणजे प्रत्यक्षातील फरक त्याने सांगितलेल्या त्रुटीच्या सुमारे तिप्पट निघाला.

असे का झाले? थेंब हवेतून किती वेगाने पडतो, हे हवेच्या विष्यंदितेवर, म्हणजे चिकटपणावर अवलंबून असते. मिलिकनने हिशेबात घेतलेली ही विष्यंदिता किंचित कमी होती. ५८ थेंब वेगवेगळे होते, पण विष्यंदितेचा आकडा सर्वांना एकच. म्हणून ५८ ही उत्तरे एकाच दिशेने, एकसारखी सरकली आणि एकमेकांशी जुळत राहिली. थेंबांची संख्या हजारावर नेली असती, तरी ही चूक उघडी पडली नसती. ती उघडी पडली क्ष-किरणांच्या अगदी निराळ्या मार्गाने. त्या मार्गाने आलेले उत्तर जुळेना, म्हणून विष्यंदिता नव्याने मोजली गेली. येथे शास्त्रज्ञांना शिकवले ते न जुळण्याने.

चुका जुळल्या तर

उत्तरे जुळवण्याची आणखी एक गंमत आहे. दोन चांगल्या विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे जुळली, तर त्यात नवल ते काय? पण दोघांच्या चुका हुबेहूब जुळल्या, तर मात्र थांबून विचार करावा लागतो. वरच्या उदाहरणात २४ सामाईक चुकांपैकी ८ जुळतील अशी अपेक्षा होती. समजा, २२ जुळल्या. तर दोघांचा उगम कोठेतरी एक आहे, हे नक्की. तो उगम कॉपी असेल, चुकीचे गाईड असेल, किंवा २२ ही प्रश्नांत फसवे पर्याय असतील. म्हणून शिक्षकांनीही केवळ जुळणाऱ्या चुकांवरून कोणावर कॉपीचा आळ घेण्याची घाई करू नये. शेजारी न बसलेल्या मुलांच्या चुकाही तशाच आहेत काय, हे आधी पाहावे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, ती याच तर्काच्या आधाराने. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ साली या कामाची सूत्रे हाती घेतली. त्यांचे केंब्रिजमधील शिक्षण गणिताचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील हस्तलिखिते ओळीओळीने ताडून पाहिली गेली. ज्या पोथ्यांत एकच विशिष्ट चूक किंवा भर सापडते, त्या पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असे समजायचे आणि त्यांना एकच साक्षीदार मानायचे. उलट, एकमेकींपासून दूर राहिलेल्या काश्मीरकडील आणि दक्षिणेकडील पोथ्यांत जो पाठ सारखा मिळतो, तो जुना मानायचा. पोथ्या किती, यापेक्षा त्या किती स्वतंत्र, हे महत्त्वाचे. सुखटणकर १९४३ साली वारले. काम पुढच्यांनी चालवले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले.

एकट्या पडलेल्या उत्तराचे काय?

आता फाटकाबाहेर गप्प राहिलेल्या त्या तिसऱ्या मुलाकडे वळू. माणूस एकटा पडला, की त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास डळमळतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश याने १९५१ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोणती रेघ दिलेल्या रेघेइतकी लांब आहे, एवढाच प्रश्न. पण आधी बोलणाऱ्या सर्वांना मुद्दाम चुकीचे उत्तर द्यायला शिकवून ठेवलेले. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरांत बिचाऱ्या प्रयोगाधीन विद्यार्थ्याने समोर स्पष्ट दिसत असताना चुकीचेच सांगितले. मात्र उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितले, तेव्हा हे प्रमाण बरेच घटले.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, उत्तरे जुळवायची असतील तर प्रत्येकाने आपले उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मग बोलावे. दुसरी, बहुमत विरुद्ध गेले म्हणून प्रश्नपत्रिका खिशात घालू नये. पाठ्यपुस्तक उघडावे. परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर आक्षेप मागवते आणि ते तपासून अंतिम उत्तरसूची काढते. तेथे "आमच्या वर्गात सगळ्यांनी हेच लिहिले" असे म्हणून भागत नाही. कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर काय दिले आहे, हे दाखवावे लागते. पुराव्यानिशी बोलणारा एकटा विद्यार्थी तेथे चाळीस जणांना भारी पडू शकतो.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक सूचना. सराव परीक्षेनंतर केवळ गुण मोजू नका. प्रत्येक प्रश्नात कोणत्या पर्यायाला किती खुणा आल्या, तेही मोजा. चुका विखुरलेल्या असतील तर मुलांचा अभ्यास झालेला नाही. चुका एकाच पर्यायावर गोळा झाल्या असतील तर मुलांच्या मनात काहीतरी चुकीचे पक्के बसले आहे. पहिल्यावर उपाय वाचनाचा, दुसऱ्यावर मात्र पुन्हा शिकवण्याचा.

करून पाहा

१. चार चिठ्ठ्यांवर १ ते ४ आकडे लिहून त्या डब्यात टाका. दोघांनी आळीपाळीने चिठ्ठी काढून आकडा लिहावा आणि चिठ्ठी परत टाकावी. असे प्रत्येकी ६० वेळा करा. दोघांचे आकडे किती वेळा जुळले? सुमारे १५ येतील. १२ ते १८ च्या दरम्यान कोठेही आले तरी नवल मानू नका.

२. काचेच्या बरणीत मोजून तुरीचे दाणे भरा. अर्ध्या वर्गाने दाण्यांचा अंदाज गुपचूप लिहून द्यावा, उरलेल्यांनी एकामागून एक मोठ्याने सांगावा. दोन्ही गटांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा अंदाज पाहा. दुसऱ्या गटाचे अंदाज पहिल्या एकदोघांच्या भोवती गोळा होतात काय? १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जत्रेत बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची पैज होती. गाल्टन या शास्त्रज्ञाने त्यातील ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. चढत्या क्रमाने लावल्यावर मधली चिठ्ठी १२०७ पौंडांची निघाली. खरे वजन ११९८ पौंड होते! लोकांनी आपापले अंदाज स्वतंत्र चिठ्ठ्यांवर लिहिले होते, हे विसरू नका.

३. 'चूक की बरोबर' अशा दोनच पर्यायांच्या प्रश्नांत प्रत्येकाची ६० टक्के उत्तरे बरोबर येत असतील, तर दोघांचे जुळलेले उत्तर बरोबर असण्याची शक्यता किती? (उत्तर : सुमारे ६९ टक्के. चार पर्यायांपेक्षा ती कमी का, हे स्वतः शोधा.)

४. रशियातील 'ऑक्टोबर क्रांती' आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे १९१७ च्या कोणत्या महिन्यात झाली? वर्गात सर्वांकडून उत्तर लिहून घ्या, खुणा मोजा, आणि मगच पुस्तक उघडा. (उत्तर : नोव्हेंबर. रशियात तेव्हा चालू असलेली ज्युलियन दिनदर्शिका १३ दिवस मागे होती. तिच्यातील २५ ऑक्टोबर म्हणजे आपला ७ नोव्हेंबर.)